यीस्टला साखर कमी झाल्याचं कळतं कसं, आणि कंट्रोलमधली पेशी उपाशी का दिसते

प्रश्न थोडक्यात असा: बीवाय४७४१ हे प्रयोगशाळेतलं यीस्ट २ टक्के ग्लुकोजच्या वायपीडीमध्ये (यीस्ट अर्क, पेप्टोन आणि ग्लुकोजचं माध्यम) वाढवलं. ओडी (द्रवाचा गढूळपणा, म्हणजे पेशींच्या दाटीचं माप) १ च्या आसपास आल्यावर सेंट्रिफ्यूज करून थंड पाण्याने दोनदा धुतलं आणि ०.०५ टक्के ग्लुकोजच्या माध्यमात त्याच ओडीला सोडलं. कधी पेशी अर्ध्या तासात वाढीला लागतात आणि अचानक थांबतात, तर कधी पाच-सहा तास ओडी हलतच नाही. शिवाय स्नफ१ या प्रथिनाचा वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने ठराविक प्रथिन शोधण्याची चाचणी) केला, तर २ टक्के साखरेतल्या कंट्रोलमध्येही उपासमारीची खूण, म्हणजे त्यावर चढलेला फॉस्फेट, दिसते. मग यीस्टला साखर कमी झाल्याचं नेमकं कळतं कसं?

‘साखर कमी’ या शब्दाखाली इथे तीन वेगळ्या अवस्था आल्या आहेत. बाहेर साखर थोडी आहे पण तेवढीच टिकून आहे, ही एक. साखर घटत घटत संपते आहे, ही दुसरी. आत्ता भरपूर होती आणि पुढच्या क्षणी नाहीच, ही तिसरी. यीस्ट या तिन्हींना वेगवेगळा प्रतिसाद देतं. तुम्हाला तपासायची आहे पहिली. पण धुतानाच पेशी तिसरीतून जातात, आणि फ्लास्कमध्ये गेल्यावर तासाभराच्या आत दुसरी उरकून पुन्हा तिसरीत पोचतात.

हिशेब मांडून बघा. ०.०५ टक्के म्हणजे लिटरमागे अर्धा ग्रॅम, साधारण २.८ मिलिमोलर. रक्ततपासणीच्या रिपोर्टच्या भाषेत सांगायचं तर ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे माणसाच्या उपाशीपोटीच्या साखरेहूनही कमी. त्याच मापाने वायपीडीतली साखर २,००० भरते. ओडी १ म्हणजे लिटरमागे साधारण ०.३ ते ०.५ ग्रॅम कोरडं यीस्ट धरा (तुमच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरप्रमाणे हा आकडा बदलतो, एकदा स्वतः वजन करून घ्या). भरपूर साखरेत एक ग्रॅम कोरडं यीस्ट ताशी ३ ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज ओढतं. कमी साखरेत हा वेग निम्मा झाला असं मानलं, तरी तुमच्या फ्लास्कमधला अर्धा ग्रॅम पाऊण-एक तासात संपतो. आता उत्पन्नाची बाजू घ्या. पेशींनी ती सगळी साखर पूर्ण श्वसनाने वापरली, तर जास्तीत जास्त पाव ग्रॅम नवं यीस्ट तयार होईल, म्हणजे ओडीत अर्ध्याच्या आसपास भर. साखर आंबवून दारू केली तर त्याच्या पाव हिश्श्याइतकीच. सुरुवात ओडी १ ला केली की ‘वाढली आणि थांबली’ असंच दिसणार. ती थांबते कारण माध्यमातली साखर संपलेली असते, आणि त्याच क्षणी तुमचा प्रयोग बदललेला असतो.

आता मूळ प्रश्नाकडे. पेशीकडे साखर मोजायचं एकच यंत्र नाही. एक व्यवस्था बाहेर किती साखर आहे ते बघते, दुसरी आत साखरेचा ओघ किती चालू आहे ते बघते, तिसरी ऊर्जेची शिल्लक बघते. या तिघींचं एकमत नसतं तेव्हाच निकाल गोंधळाचे येतात.

बाहेरची साखर बघणारी दोन प्रथिनं पेशीच्या आवरणात बसलेली असतात, स्नफ३ आणि आरजीटी२. दिसायला ती साखरेची वाहतूक करणाऱ्या प्रथिनांसारखीच, पण साखर आत नेण्याचं काम ती करत नाहीत. ग्लुकोज त्यांना चिकटलं की आत लोंबणाऱ्या त्यांच्या लांब शेपटीतून निरोप जातो. स्नफ३ थोड्या साखरेलाही ओळखतं, आरजीटी२ ला भरपूर साखर लागते. ही प्रथिनं खरोखर संवेदकच आहेत याचा पुरावा फार सुंदर आहे: स्नफ३ मधलं २२९ व्या जागेचं आर्जिनिन बदलून लायसिन केलं, की साखर नसतानाही ते ‘साखर आहे’ असा निरोप देत राहतं. आरजीटी२ मध्ये हीच जागा २३१ वी.

हा निरोप पोचतो वाहक प्रथिनांच्या जनुकांपर्यंत. साखर नसताना आरजीटी१ नावाचं प्रथिन एमटीएच१ आणि एसटीडी१ या जोडीदारांच्या मदतीने त्या जनुकांवर कुलूप लावून बसतं. निरोप आला की जोडीदारांवर नष्ट करण्याचा शिक्का बसतो, प्रोटिअसोम त्यांना मोडतं आणि कुलूप निघतं. वाहकांचं कुळ मोठं आहे. एचएक्सटी१ ते एचएक्सटी१७, गॅलॅक्टोज नेणारं गॅल२ आणि वरचे दोन संवेदक धरून २० जण. यातलं एचएक्सटी१ भरपूर साखरेसाठी आहे, त्याचं केएम (ज्या प्रमाणाला वाहक निम्म्या क्षमतेने चालतो ते) १०० मिलिमोलरच्या आसपास. एचएक्सटी६ आणि ७ टंचाईसाठी, त्यांचं केएम १ ते २ मिलिमोलर. एचएक्सटी२ आणि ४ ची जनुकं कमी साखरेत सर्वात जोरात चालतात.

तुमच्या प्रयोगाची अर्धी गोम इथेच आहे. २ टक्के साखरेतून आलेल्या पेशीच्या अंगावर मुख्यतः एचएक्सटी१ आणि ३ असतात. १०० मिलिमोलर केएमचा वाहक २.८ मिलिमोलर साखरेत किती चालेल? २.८ भागिले १०२.८, म्हणजे क्षमतेच्या ३ टक्क्यांहूनही कमी. एचएक्सटी३ ची अवस्था थोडीच बरी. म्हणजे माध्यमात साखर असूनही सुरुवातीला पेशी उपाशीच असते. नवे वाहक बनवायला ऊर्जा लागते आणि प्रथिनं बनवण्याचं काम चालू असावं लागतं. साखर एकदम तुटली की नेमकं तेच काम आधी बंद पडतं. पाच-सहा तासांच्या खोळंब्याचं हे एक खरंखुरं कारण आहे. साखर हळूहळू घटू दिलेल्या पेशी हाच बदल सहज पचवतात, कारण एचएक्सटी६ आणि ७ त्यांच्या अंगावर आधीच आलेले असतात.

दुसरी व्यवस्था सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू आणि त्याने चालणारं पीकेए हे एन्झाइम यांची. तिला दोन वाटांनी खबर मिळते. बाहेरून जीपीआर१ हा ग्राहक ग्लुकोज आणि सुक्रोज ओळखतो. आतून रास हे प्रथिन ग्लायकोलिसिसच्या (साखर फोडण्याच्या क्रियेच्या) ओघावर नजर ठेवतं: फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट साठलं की ते सीडीसी२५ मार्फत रासला जागं करतं. साखर भरपूर असताना पीकेए चढलेलं असतं आणि पेशीला ‘वाढ’ म्हणत असतं. साखर तुटली की ते उतरतं, मग एमएसएन२ आणि एमएसएन४ ही जनुकं चालू करणारी प्रथिनं केंद्रकात शिरतात, रिम१५ हे एन्झाइम मोकळं होतं आणि ताण सोसण्याची जनुकं चालू होतात. ग्लायकोजेन आणि ट्रिहॅलोज हे राखीव साठे भरण्याची तयारी याच वाटेने होते.

तिसरी व्यवस्था म्हणजे तुमचं स्नफ१. नाव पडलं ते सुक्रोज न आंबवू शकणाऱ्या म्युटंटवरून. आपल्या पेशींतल्या एएमपीके या ऊर्जेवर नजर ठेवणाऱ्या एन्झाइमचं हे यीस्टमधलं भावंड. २१० व्या थ्रिओनिनवर फॉस्फेट लागला की ते सक्रिय होतं. फॉस्फेट लावणारे तिघे आहेत, सॅक१, टॉस३ आणि एल्म१, आणि साखर असो वा नसो, ते आपलं काम करतच असतात. बदलतो तो फॉस्फेट काढण्याचा वेग. साखर असताना आरईजी१ आणि जीएलसी७ ही जोडी तो झटपट काढून टाकते. टंचाईत एडीपी (एटीपी हे पेशीचं इंधन खर्च झाल्यावर उरणारा रेणू) वाढतं, स्नफ१ च्या संकुलाला चिकटतं आणि फॉस्फेटचं रक्षण करतं. इथे पाठ्यपुस्तकामुळे एक चूक हमखास होते. माणसाच्या एएमपीकेला एएमपी थेट चेतवतं, म्हणून यीस्टच्या स्नफ१ लाही तसंच लिहिलं जातं. यीस्टमध्ये ते तसं होत नाही.

सक्रिय स्नफ१ मिग१ ला फॉस्फेट लावतं आणि मिग१ केंद्रकाबाहेर पडतं. त्याने दाबून ठेवलेली जनुकं सुटतात: सुक्रोज फोडणारं इन्व्हर्टेज, गॅलॅक्टोज आणि माल्टोजची जनुकं. पुढे एडीआर१ आणि कॅट८ कामाला लागतात आणि आधी बनवलेलं इथेनॉल परत खाण्याची, त्यातून साखर घडवण्याची यंत्रणा उभी राहते.

हे सगळं कोणत्या क्रमाने होतं ते डोक्यात ठेवलं, तर नमुना कधी घ्यायचा हे ठरवता येतं. साखर एकदम काढली की एक-दोन मिनिटांत रायबोसोमच्या माळा सुटतात आणि प्रथिननिर्मिती जवळजवळ थांबते. मिग१ चं बाहेर पडणं आणि एमएसएन२ चं आत शिरणं त्याच पाच मिनिटांत. रिक्तिकेत आम्ल भरणारा व्ही-एटीपेस हा पंप पाच मिनिटांत दोन तुकड्यांत सुटतो, आणि साखर परत दिली की तितक्याच वेगाने जुळतो. पेशीतला पीएच ७ च्या आसपासून ६ कडे घसरतो आणि पेशीरस घट्ट होतो. नवे वाहक दिसायला दहापट वेळ लागतो, श्वसनाची पूर्ण तयारी व्हायला काही तास. तुम्ही धुण्यात वीस मिनिटं घालवता. पहिल्या चार घटना तोवर नळीतच घडून गेलेल्या असतात.

कंट्रोलमधल्या खुणेचं उत्तरही हेच. सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी दाबलेल्या पेशी आसपासची साखर आणि हवा काही मिनिटांत संपवतात, आणि स्नफ१ वर फॉस्फेट चढायला तेवढं पुरतं. साखरेतल्या पेशी नुसत्या फिरवून गोळा केल्या तरी हे होतं, पाण्याने धुतल्या तर होणारच. थंडीने ही क्रिया गोठून जाईल हा समज सोडून द्या, बर्फावरही ती चालू राहते.

म्हणून फॉस्फेटचा ब्लॉट करायचा असेल तर पेशी आधी मारायच्या आणि मग गोळा करायच्या. दोन पद्धती भरवशाच्या आहेत. एक: चालू फ्लास्कमधून ५ मिलिलिटर काढून लगेच उकळत्या पाण्यातल्या नळीत ३ मिनिटं धरा. मग फिरवा, पेशी ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ५ मिनिटं ठेवा, पुन्हा फिरवा आणि एसडीएस बफरमध्ये उकळा. दुसरी: ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्ल थेट कल्चरमध्ये, अंतिम प्रमाण ६ ते १० टक्के येईल असं घाला, १० मिनिटं बर्फावर ठेवा, फिरवा, अॅसिटोनने धुवा आणि मण्यांनी फोडा. या पद्धतीत आम्ल राहून गेलं तर बफर निळ्याचा पिवळा होतो. तसं दिसलं की ट्रिसचे एक-दोन थेंब टाकून निळा करून घ्या, नाहीतर जेलमध्ये पट्टे वाकडे पळतात. आणखी एक उपयोगाची गोष्ट. स्नफ१ च्या साखळीत लागोपाठ १३ हिस्टिडिन निसर्गतःच आहेत, त्यामुळे हिस-टॅगचं (प्रथिन शोधता यावं म्हणून जोडतात त्या हिस्टिडिनच्या शेपटीचं) अँटिबॉडी एकूण स्नफ१ दाखवतं. लोडिंगचा कंट्रोल फुकटात मिळतो. पण तुमच्या दुसऱ्या एखाद्या प्रथिनाला हिस-टॅग असेल, तर ७२ किलोडाल्टनजवळचा पट्टा कुणाचा हे आधी तपासा.

पेशी एका माध्यमातून दुसऱ्यात न्यायच्याच असतील तर सेंट्रिफ्यूज विसरा. ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर, व्हॅक्यूम आणि ३० अंशांना तापवून ठेवलेलं नवं माध्यम. गाळा, त्याच माध्यमाने एकदा धुवा, फिल्टर फ्लास्कमध्ये झटका. मिनिटाभरात आटोपलं पाहिजे. साध्या पाण्याने धुवायचं नाही. त्यात साखरेबरोबर क्षार, नायट्रोजन आणि बाहेरचा ऑस्मॉटिक दाबही जातो, आणि मग दिसलेला परिणाम साखरेचा म्हणता येत नाही. कंट्रोलमधल्या पेशीही तशाच गाळायच्या, फक्त २ टक्के साखरेच्या माध्यमात परत सोडायच्या. १११ मिलिमोलर ग्लुकोज काढल्यावर बाहेरचा दाब घटतो. तो सावरायला कमी साखरेच्या माध्यमात १०० मिलिमोलर सॉर्बिटॉल घाला.

माध्यमाबद्दल: कमी साखरेच्या प्रयोगाला वायपी वापरू नका. यीस्ट अर्क आणि पेप्टोनमध्ये इतकं खाद्य असतं की ०.०५ टक्के ग्लुकोजचा अर्थच उरत नाही. सिंथेटिक माध्यम घ्या आणि ग्लुकोज वेगळं निर्जंतुक करून नंतर मिसळा, एकत्र ऑटोक्लेव्ह केलं तर साखर अमिनो आम्लांशी जुळून तपकिरी होते आणि तुमचा आकडा चुकतो. पीएच बांधून ठेवा. उपाशी पेशीत आम्ल किती साचेल हे बाहेरच्या पीएचवर फार अवलंबून असतं. पीएच ५.५ ला जी पेशी आतून गोठल्यासारखी होते, तीच बाहेर पीएच ७.४ असेल तर तशी होत नाही. दोन दिवसांच्या निकालांत फरक पडण्याचं हे कारण कुणी तपासत नाही.

आता तुमच्या प्रकाराबद्दल. बीवाय४७४१ ला हिस्टिडिन, ल्युसिन, मेथिओनिन आणि युरॅसिल बाहेरून द्यावं लागतं. त्यातलं एखादं कमी पडलं तर ती नायट्रोजनजवळची उपासमार होते आणि पेशी वेगळीच वागते. याच्या कुळात एचएपी१ हे जनुकही बिघडलेलं आहे, त्यामुळे श्वसनाची तयारी मुळात कमजोर. त्यात पेटीट पेशी मिसळलेल्या असतील, म्हणजे मायटोकाँड्रियाचा डीएनए गमावलेल्या, तर साखर संपल्यावर त्या इथेनॉलवर जगूच शकत नाहीत. पेटीट आपोआप तयार होत राहतात, जुन्या प्लेटवरून घेतलेल्या यीस्टमध्ये तर जास्तच. दर वेळी फ्रीजरमधून ताजं यीस्ट काढा आणि ३ टक्के ग्लिसरॉलच्या प्लेटवर शंभरेक कॉलन्या तपासा. एखाद-दुसरी न वाढणं चालेल. दहा वाढल्या नाहीत तर ते कल्चर टाकून द्या.

खोळंबा कधी अर्धा तास, कधी सहा तास का, याचं उरलेलं उत्तर पेशीच्या इतिहासात आहे. रात्रभर ठेवलेल्या दाट कल्चरमधली पेशी साखर संपण्याच्या टप्प्यातून एकदा जाऊन आलेली असते: तिच्याकडे ट्रिहॅलोजचा साठा, टंचाईचे वाहक, श्वसनाची यंत्रणा सगळं असतं. सकाळी ती पातळ करून तीन तासांनी प्रयोग केला तर यातलं बरंच अजून शिल्लक असतं. तीच पेशी दोन दिवस सतत ओडी ०.५ खाली ठेवून वाढवली तर शिल्लक काहीच नसतं, आणि खोळंबा वाढतो. तुमच्या वहीत रात्रीचं कल्चर किती वाजता लावलं याची नोंद असेल तर ती खोळंब्याच्या तासांसमोर मांडून बघा. शिवाय सगळ्या पेशी एकत्र उठत नाहीत. काही लवकर उठतात, काही फार उशिरा. ओडी ही त्यांची सरासरी आहे, आणि उपाशी पेशी आकसल्यामुळे ती जराशी फसवीही आहे. मिथिलीन ब्लूने मेलेल्या पेशी मोजा आणि प्लेटवर कॉलन्याही घ्या.

मिग१ किंवा एमएसएन२ ला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणार असाल, तर स्लाइडवर दाट थेंब आणि वर कव्हरस्लिप असं करू नका. त्या फटीत पेशी काही मिनिटांत साखर संपवतात, म्हणजे सेंट्रिफ्यूजचीच चूक पुन्हा. काँकॅनाव्हॅलिन (पेशी चिकटवून ठेवणारं प्रथिन) लावलेल्या तळाच्या डिशमध्ये विरळ पेशी चिकटवा आणि त्यांच्यावरून कोमट माध्यम वाहतं ठेवा. मधल्या प्रमाणाच्या साखरेत ही प्रथिनं केंद्रकात ये-जा करत राहतात, तेव्हा एका फोटोवरून टक्केवारी काढू नका. दर मिनिटाला एक, अशी अर्ध्या तासाची मालिका घ्या.

साखर थोडी आणि टिकून, ही अवस्था खरोखर हवी असेल तर दोनच मार्ग. एक केमोस्टॅट: ताशी ०.१ च्या वेगाने माध्यम आत-बाहेर केलं की फ्लास्कमधली साखर एक मिलिमोलरच्या बरीच खाली स्थिर राहते. दुसरा, फेड-बॅच. बेकरीचं यीस्ट मळीवर असंच बनतं. साखर एकदम ओतली तर हवा भरपूर असूनही यीस्ट इथेनॉल बनवत बसतं, म्हणून मळी थेंबाथेंबाने देतात आणि शेवटी धार थांबवतात, त्या वेळी पेशी कळ्या पूर्ण करून ट्रिहॅलोज साठवतात. सुकवताना तग धरणारं यीस्ट मिळतं ते या शेवटच्या उपाशी टप्प्यामुळे. तुमच्याकडे दोन्ही सोयी नसतील तर ओडी ०.०५ ला सुरू करा. वरच्याच हिशेबाने साखर काही तास पुरते.

सगळ्यात आधी मात्र एवढंच करा. आत्ताचाच प्रयोग जसाच्या तसा लावा, दर १५ मिनिटांनी १ मिलिलिटर सिरिंज फिल्टरमधून गाळा आणि गाळलेल्या द्रवातलं ग्लुकोज पॅथॉलॉजी लॅबमधल्या, फक्त ग्लुकोज मोजणाऱ्या जीओडी-पीओडी किटने मोजा. डीएनएस ही रंगाची चाचणी वापरू नका, ते सगळ्या रिड्युसिंग साखरा एकत्र मोजतं. कंट्रोलमधला नमुना किटच्या कक्षेत येण्यासाठी दहापट पातळ करावा लागेल. शेजारी ओडीचा आलेख काढा. साखर शून्याला टेकते तिथेच ओडी सपाट होत असेल तर वर सांगितलेला पहिला हिशेब लागू पडतो. आणि साखर तशीच राहून ओडीही हलत नसेल, तर अडचण वाहकांची किंवा पेटीटची. दोन्ही आलेख इथे टाका, पुढचं त्यावरून सांगता येईल.